शेताला भेगा पडलेल्या असतात, मग पहिल्या पावसात मासे येतात कुठून?

रानवारा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बाळबोध वाटेल, पण घरात यावरून दरवर्षी वाद होतो म्हणून शेवटी इथे टाकतोय. गाव पेण तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात. घरामागे भाताची खाचरं, त्यांच्या खाली ओढा, ओढा पुढे खाडीला मिळतो. मार्चपर्यंत ओढ्यात चार डबकी उरतात, मेमध्ये तीपण गायब, आणि खाचरांना अशा भेगा पडतात की आख्खा पंजा आत जाईल. मग जूनमध्ये एकदा झोडपून पाऊस झाला की रात्री सगळं गाव बॅटऱ्या आणि पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात मिळणाऱ्या, माशांना बाहेर. आणि मासे म्हणजे पिल्लं नव्हेत हो, चांगले वीतभर, पोटं गाभोळीने टम्म. दोन दिवसात एवढे मोठे तर नक्कीच झाले नसणार!

आजोबा म्हणतात मासे उन्हाळाभर मातीत झोपून असतात. काकी म्हणते अंडी मातीत असतात, पाणी लागलं की फुटतात. शेजारचे अण्णा छातीठोकपणे सांगतात की ढगातून पडतात, त्यांनी लहानपणी कौलांवर मासा बघितलाय. मला तिघांचंही अर्धवट पटतं.

याला जोडून अजून एक. आमच्याकडे गावतळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून सोडतात, ती गोड्या पाण्यात मस्त वाढतात. मग बांगडा का नाही सोडता येत? एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, असं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. नेटवर सगळीकडे तेच गुळगुळीत वाक्य, 'मासे परिस्थितीशी जुळवून घेतात', अरे पण कसे ते तर सांगा.

नेमकंच

अण्णांचा कौलावरचा मासा बगळ्याच्या नाहीतर घारीच्या तावडीतून सुटलेला असणार. वावटळीने पाण्यासकट मासे उचलून दुसरीकडे टाकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात खऱ्या, पण दरवर्षी मृगात, त्याच खाचरात, तेच मासे, आणि सगळे गाभोळीवाले? ढगांना एवढं टाइमटेबल पाळता येत असतं तर हवामान खात्याचं काम सोपं झालं असतं. बाकी वाचतोय.

हॅचरीवाली

रानवारा, आजोबा थोडे बरोबर आहेत, काकी आपल्याकडच्या माशांबद्दल चूक आहेत, आणि मुख्य उत्तर तुम्ही स्वतःच लिहून गेलात, 'ओढा पुढे खाडीला मिळतो'. वलगणीचे बहुतेक मासे खालून चढून येतात. कोकणात पुढे दक्षिणेला गेलात की त्यांना नावच चढणीचे मासे आहे.

होतं काय की नदीत, डोहात, खाडीच्या वरच्या अंगाला जिथे बारमाही पाणी टिकतं तिथे हे मासे उन्हाळा काढतात, आणि पावसाची वाट बघत बसतात असं नुसतं म्हणायला नाही, खरंच वाट बघतात, म्हणजे एप्रिल-मेमध्येच पोटात अंडी तयार व्हायला लागतात पण मासा ती टाकत नाही, धरून ठेवतो. पहिला मोठा पाऊस झाला की पाणी एकदम थंड होतं, गढूळ होतं, त्यातले क्षार पातळ होतात आणि प्रवाहाला जोर येतो. हे सगळं जुळून आलं की मासा प्रवाहाच्या उलट सुटतो. नदीतून ओढा, ओढ्यातून चर, चरातून बांधाची मोरी, मोरीतून खाचर. अंतर फार नसेल तर एका रात्रीत खेळ होतो. तुम्हाला वाटतं खाचरात मासे उगवले, ते खरं तर रात्री तुमच्या बांधावरून आत आलेले पाहुणे असतात.

आता एवढा जीव धोक्यात घालून खाचरातच का यायचं? कारण तिथे पाणी उथळ आणि कोमट, पेंढा-शेण कुजलेलं, त्यावर दोन-चार दिवसात बारीक जीवजंतूंचा खच पडतो, म्हणजे पिल्लांना तोंडासमोर खाणं, आणि मोठा मासेखाऊ मासा जवळपास नाही. पाणी ओसरायच्या आत पिल्लं वाढवून खाली उतरवायची असतात त्यामुळे सगळं घाईचं काम. रोहू-कटल्याची अंडी २८ अंशाच्या आसपासच्या पाण्यात १५ ते १८ तासात फुटतात, संध्याकाळी टाकली तर दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला पिल्लं हजर.

या पुराच्या इशाऱ्यावर मासे किती अवलंबून असतात ते आमच्या धंद्यातल्या लोकांना चांगलं माहितीये. रोहू, कटला, मृगळ हे तळ्यात कितीही खाऊ घाला, वाढतात, पोटात अंडी धरतात, पण साचलेल्या पाण्यात टाकत नाहीत. म्हणून पूर्वी सगळं बीज (माशांची बारीक पिल्लं) नदीतून गोळा करावं लागायचं, त्यात नको ते मासे पण यायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातल्या) माशांना अंडी टाकायला लावलं. म्हणजे पुराने जो निरोप मेंदूला जायचा तो सुईने दिला. आज आपण जो रोहू-कटला खातो तो बहुतेक या सुईचा. १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो तो यामुळेच.

जिताड्याचं रात्री लिहिते, आत्ता पंप बंद पडलाय.

कृष्णाकाठचा_बापू

ताईंनी लई झ्याक सांगितलं. आमच्याकडं नदीवर कोल्हापुरी बंधारे हायत, पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढत्यात आणि पावसाळा सरला की परत घालत्यात. बर्गे काढलेले असले की मासा बिनघोर वर जातो. पण मधल्या काळात वढ्यावर जे सिमेंटचे पक्के बंधारे झाले त्याला काढायला काहीच न्हाई, सरळ भिंत. जूनमधी तिथं उभं राहून बघा, मासं खालच्या फेसात गोळा होत्यात, उड्या मारत्यात, भिंतीवर आपटून परत खाली. दमले की कडेला उथळात येत्यात आणि पोरं हातानं धरत्यात. जाळं बी लागत न्हाई. पाणी अडवलं ते चांगलंच केलं, विहिरींना पाणी आलं, न्हाई म्हणत न्हाई मी. पण एका कडेला माशाला चढायला पायऱ्या-पायऱ्यांचा उतार ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

अहिर (सापासारखा लांब मासा, ईल) मात्र भिंतीला जुमानत न्हाई. त्याची बारकी पिल्लं ओल्या शेवाळावरनं वर सरकत जात्यात, मी सोता बघितलंय. आणि हा गडी बरोब्बर उलटा, जन्म समुद्रात, मोठा व्हायला नदीत, आणि अंडी घालायला परत समुद्रात.

टाकीवाला

काकींच्या बाजूने थोडं बोलतो, बिचाऱ्यांना एकदम चूक ठरवू नका. मातीत अंडी टिकवणारे मासे आहेत, फक्त आपल्याकडे नाहीत. झिंबाब्वे-मोझांबिककडे पावसाळी डबक्यांमध्ये टर्क्वॉइज किलिफिश म्हणून एक छोटा रंगीत मासा असतो, मी टाकीत पाळलेला आहे. डबकं सुकलं की मोठे सगळे मरतात, नाइलाज. पण अंडी चिखलात, आणि त्या अंड्यातलं पिल्लू वाढता वाढता मधेच थांबतं, हृदयाचे ठोके वगैरे पार मंद, महिनोन् महिने तसंच. पाऊस आला की बाहेर. मग आयुष्य फास्ट फॉरवर्ड, चांगलं पाणी आणि खाणं मिळालं तर दोन आठवड्यात वयात येतो, अंडी टाकायला सुरुवात, कारण डबकं कधी सुकेल भरवसा नाही. आम्ही छंदवाले ही अंडी ओलसर पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) पाकिटात घालून पोस्टाने एकमेकांना पाठवतो, लोकांना खोटं वाटतं.

आणि कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात जी डबकी भरतात त्यात खरंच अशी मातीत टिकणारी अंडी असतात, पण ती माशांची नाहीत, ढालीसारखी पाठ असलेल्या ट्रायॉप्स नावाच्या कवचधारी प्राण्याची आणि त्याच्या भाईबंदांची. काकींनी कुठेतरी हे पाहिलं असेल तर गल्लत होणं साहजिक आहे. खाचरात बेडकांची पिल्लं पण माशांसारखीच दिसतात, ती वेगळीच.

रानवारा

वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. काकीला ट्रायॉप्सचं सांगितलं, ती म्हणाली 'बघ, मी म्हटलं नव्हतं!' आता घरात नवीन वाद.

ताई, आजोबा 'थोडे बरोबर' म्हणजे किती? त्यांचं म्हणणं आहे की तळ्याचा गाळ काढताना त्यांनी चिखलातून जिवंत मासा काढलाय.

हॅचरीवाली

आजोबांनी काढला असेल तर मरळ किंवा तिचा छोटा भाऊबंद डाकू, नाहीतर मांगूर-शिंगी. हे सगळे हवेतून श्वास घेणारे.

आधी मूळ अडचण बघा. २० अंशाच्या पाण्यात एका लिटरला फार तर ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. म्हणजे मासा मुळातच गरिबीत संसार करतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढते. दोन्हीकडून मार. मेमधल्या डबक्यात मासे मरतात ते सगळे काही उन्हाने भाजून मरत नाहीत, बरेचसे गुदमरून मरतात.

मग ज्यांचं आयुष्यच डबक्यात, दलदलीत, त्यांच्यात वरची हवा घ्यायच्या सोयी तयार झाल्या, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाची वेगळी. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिला आतून रक्तवाहिन्यांचं अस्तर. मांगुराच्या कल्ल्यांजवळ झाडाच्या फांद्यांसारखे लालभडक तुरे. शिंगीला कल्ल्यांपासून मागे शेपटीकडे पाठीतून गेलेल्या दोन लांब नळ्या. ओढ्यातल्या वाळूत ते बारके पट्ट्यापट्ट्याचे लोच मासे असतात ना, त्यातले काही तर हवा चक्क गिळतात, आतड्यातून ऑक्सिजन शोषतात आणि उरलेली मागून सोडून देतात. (हसू नका, खरं आहे.)

मरळीचं तर आता उलटं झालंय, तिला हवा लागतेच. मोठ्या मरळीला जाळ्यात पाण्याखाली दाबून ठेवली तर ती बुडून मरते. मासा बुडून मरतो म्हटलं की लोक तोंडाकडे बघत राहतात.

तर आजोबांचं बरोबर कुठे, की पाणी आटत आलं की मरळ, डाकू चिखलात शिरतात आणि कातडी नि ती डोक्यातली पोकळी ओलसर राहिली तर बराच काळ तग धरतात. पण खाली ओल हवी. तुमच्या खाचरासारखी पार तडकलेली कोरडी माती असेल तर नाही. पार सुकलेल्या मातीत खरोखर झोपणारा मासा म्हणजे आफ्रिकेतला लंगफिश, तो अंगाभोवती चिकट स्रावाचा कोष करतो, शरीराचं काम मंदावतो आणि विषारी अमोनिया साठू नये म्हणून त्याऐवजी युरिया तयार करतो. आपल्याकडे त्या दर्जाचा कुंभकर्ण नाही.

भीमाकाठ

उजनीच्या काठचा आहे, मासेमारीत घरची माणसं आहेत म्हणून लिहितो. ऑक्सिजनचं जे ताईंनी लिहिलं ते बघायचं असेल तर पहाटे चार-पाचला तळ्यावर जा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन करतं आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळे उजाडायच्या आधी पाणी सगळ्यात वाईट असतं, त्यात दोन-तीन दिवस ढगाळ गेले असले तर बघायलाच नको. कटला पहिला वर येतो, तोंड उघडून पप-पप करत फिरतो. तेव्हा पंप लावून पाणी उडवलं तर वाचतो नाहीतर सकाळी पांढरी पोटं. चिलापीला मात्र फरक पडत नाही एवढा, ती पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थराला तोंड लावून ठेवते, हवेला टेकलेला थर असतो त्यात जरा जास्त ऑक्सिजन असतो, तेवढ्यावर भागवते.

चिलापी हा सगळ्याच बाबतीत भलता प्रकार आहे. १९५२ ला भारतात आणली, आफ्रिकेतली. गोड्यात राहते, मचूळ पाण्यात राहते, घाण पाण्यात राहते, शेवाळ खाते, किडे खाते, मिळेल ते खाते. अंडी आणि पिल्लं मादी तोंडात सांभाळते त्यामुळे दुसऱ्याने खायचा प्रश्न कमी. आणि गर्दी झाली, खाणं कमी पडलं की मोठी व्हायची वाटच बघत नाही, बोटाएवढी असतानाच अंडी द्यायला लागते. तळ्यात चिलापी शिरली की सगळी बारकी-बारकी का भरते ते यामुळे. जात तीच, पण पाणी बघून आयुष्याचा हिशोबच बदलते. पुण्याचं सगळं सांडपाणी खाली येतंय, आमच्या वडिलांच्या वेळचे किती तरी मासे जाळ्यात दिसेनासे झाले, चिलापी मात्र भरभरून.

आता तिच्यावर पण ताण म्हणजे सकर मासा. तुम्ही टाकीवाले लोक काच साफ करायला आणता तोच, मोठा झाला की कुणीतरी नदीत सोडून देतं. अंगावर काटेरी पत्रे, जाळं फाडतो, काठाला बिळं करतो, खायला कुणी घेत नाही. ऑक्सिजन संपला की हवा गिळून पोटातून घेतो, जाळ्यातून काढून काठावर टाकला तर तासन् तास मरत नाही.

टाकीवाला

भीमाकाठ, सगळ्या टाकीवाल्यांना एका माळेत नका ओवू हो, पण मुद्दा मान्य. सकर वाढतो एवढा हे दुकानदार सांगत नाहीत आणि घेणारा विचारत नाही. नको असेल तर दुकानात परत द्या, नदीत नाही.

ऑक्सिजनवरून आठवलं, गोल्डफिश. त्याचा युरोपातला चुलतभाऊ क्रुशियन कार्प हिवाळ्यात बर्फाखालच्या तळ्यात काही महिने जवळजवळ शून्य ऑक्सिजनमध्ये काढतो. ऑक्सिजनशिवाय शरीर चालवलं की अंगात आम्ल साठतं, त्याने बाकीचे प्राणी मरतात. हे दोघं त्या आम्लाचं अल्कोहोल करतात आणि कल्ल्यातून बाहेर सोडतात. थंडीभर झिंगलेले, पण जिवंत. अर्थात हे थंड पाण्यात, म्हणून घरच्या बाउलमध्ये गोल्डफिश कोंबायचं लायसन्स मिळालं असं समजू नये.

सह्यवेडा

सगळे डबक्यातल्या माशांवरच बोलताय, जरा डोंगरात या. घाटातल्या ओढ्यांमध्ये मळ्या असतो, बोटभर-दोन बोटं लांब, मातकट रंगाचा. पावसाळ्यात ज्या पाण्यात माणूस उभा राहू शकत नाही त्यात हा दगडाला चिकटून शांत असतो. एकदा ओंजळीत घेऊन उलटा करून बघा, तोंड पुढे नसतं, खाली असतं, आणि तोंडाच्या मागे हनुवटीवर एक गोल मऊ चकती असते. ती दगडावर टेकली की पकड. पोट सपाट, पुढचे पर आडवे पसरलेले, म्हणजे पाणी जेवढं जोरात येईल तेवढा तो दगडाकडे दाबला जातो. आणि तोंड खाली असल्याने चिकटल्या जागी दगडावरचं शेवाळ खरवडत बसतो, जागा सोडायची गरजच नाही.

पण हाच मळ्या बादलीत घेऊन बसलात तर अर्ध्या तासात मलूल. त्याला उसळत्या पाण्यातला भरपूर ऑक्सिजन लागतो, मरळीसारखी हवेची सोय नाही. आणि मरळ त्या धबधब्यात सोडली तर वाहून जाईल. म्हणून 'जुळवून घेतात' हा शब्द मला पण खटकतो. एक जमवलं की दुसरं हातचं जातं.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात एक सोनेरी लोच सापडला, २०२० मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली, आणि २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. एवढ्याशा कुंडाशी बांधलेला मासा, त्या पाण्याला काही झालं तर जाणार कुठे? २०१९ ला मुंबईत जोगेश्वरीच्या एका विहिरीतून आंधळी ईल सापडली होती ते वाचलं असेल. जमिनीखालच्या पाण्यात उजेड नाही त्यामुळे डोळे नाहीत, रंगद्रव्य नाही, आतलं रक्त दिसतं म्हणून लालसर. डोक्यावर मुंबई आणि खाली हा प्राणी.

नेमकंच

एक शंका. टाकीवाले म्हणतात नवीन मासा टाकीत हळूहळू सोडायचा, म्हणजे त्याला सवय होते. मग हळूहळू सवय लावली तर बांगड्याला पण गोड्या पाण्याची होणार नाही का? आणि मळ्याला बादलीची?

हॅचरीवाली

नाही होणार, आणि इथेच दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एका माशाला त्याच्या आयुष्यात जी सवय होते ती फक्त त्याच्या जातीच्या अंगात जेवढी यंत्रणा आधीपासून आहे तेवढ्यापुरतीच. यंत्रणा तयार व्हायला हजारो-लाखो वर्षं आणि असंख्य पिढ्यांची मरणं लागतात. टाकीत पिशवी तरंगत ठेवतो ते असलेली यंत्रणा सुरू व्हायला वेळ मिळावा म्हणून.

आता राहिलेला जिताडा. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश. गोड्या पाण्यात मासा म्हणजे पाण्यात घातलेली मनुका, पाणी कातडी आणि कल्ल्यांतून आत घुसत राहणार. म्हणून गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, सतत पातळ लघवी करतो, आणि वाया जाणारं मीठ भरून काढायला कल्ल्यांतल्या खास पेशी आजूबाजूच्या पाण्यातून कण-कण मीठ आत ओढतात. समुद्रात सगळं उलटं. पाणी अंगातून बाहेर जातं म्हणून मासा खारं पाणी पितो, लघवी अगदी कमी, आणि त्याच कल्ल्यांतल्या पेशी जास्तीचं मीठ बाहेर फेकतात.

बांगड्याकडे फक्त दुसरा सेट आहे. तळ्यात टाकला की मीठ निघून जात राहणार आणि पाणी आत शिरत राहणार, तो फार वेळ टिकणार नाही. जिताड्याकडे दोन्ही सेट आहेत, हार्मोन बदलले की त्या पेशींची कामाची दिशा बदलते. पण बटण दाबलं आणि झालं असं नाही, पेशी नव्याने तयार व्हायला काही दिवस जातात. म्हणून खाडीतून आणलेली पिल्लं हळूहळू पाणी गोडं करत सोडली की मर कमी होते, हे जुने लोक करायचे ते शास्त्राला धरूनच होतं. निसर्गात पण तो असंच करतो, जन्म खाऱ्या पाण्यात, पिल्लू खाडीतून वर गोड्याकडे येतं, वाढतं, आणि अंडी घालायला परत खाली. तुमच्या तळ्यातला जिताडा कितीही मोठा झाला तरी तिथे पिल्लं देणार नाही, अंड्यांना खारं पाणी लागतं. शिवाय तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, त्यामुळे किलो-दोन किलोचे सगळे तळ्यातले जिताडे बहुतेक नरच.

तुमच्या वलगणीतली चिवणी पण याच दोन सेटवाल्यांतली, खाडीच्या मचूळ पाण्यातून खाचराच्या गोड्या पाण्यात येते.

मृगनक्षत्र

सगळं वाचलं, छान माहिती. पण कुणीच बोलत नाहीये म्हणून बोलते, पोटात लाखभर अंडी असलेला मासा नेमका अंडी घालायला निघालेला असताना मारायचा आणि वर 'आता पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत' म्हणून गळे काढायचे. रोहूची मादी किलोमागे दोन-अडीच लाख अंडी देते म्हणे. वलगण बंद करा असं माझं स्पष्ट मत.

कृष्णाकाठचा_बापू

ताई, पिढ्यान् पिढ्या लोक पागानं मासं धरत आलेत आणि मासं संपलं न्हाईत. संपलं कशानं ते बघा. उन्हाळ्यात डोहात ब्लिचिंग टाकत्यात, सुरुंग लावत्यात, एका दुपारी पुढच्या वर्षाचं सगळं बियाणं खलास. वरनं पक्के बंधारे, कारखान्याचं पाणी. गरिबाच्या एका दिवसाच्या कालवणावर का घसरताय?

सह्यवेडा

दोघांचंही थोडं-थोडं बरोबर आहे पण डोहाचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या उन्हाळ्यात वाहायच्या थांबतात, उरतात फक्त डोह आणि कोंडी. सगळ्या नदीचे मासे तेव्हा त्या चार-सहा जागांत कोंडलेले असतात, खोल पाणी, वरून झाडांची सावली, त्यामुळे तळ थंड. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचं ठिकाण, तिथले मासे देवीचे म्हणून कुणी हात लावत नाही. पुलावरून कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महासीर वर येतात, खवले रुपयाएवढे. भर मेमध्ये, आजूबाजूची नदी नुसते गोटे झालेली असताना. तिथून जे पावसाळ्यात वर-खाली पसरतात ते मधल्या सगळ्या ओढ्यांना पुरतात. वलगणीत अर्धे पकडले तरी अर्धे पोचतात, डोहात सुरुंग लागला की निघणाराच कुणी उरत नाही.

मात्र मोरीच्या तोंडालाच आडवं जाळं लावून ओढा पूर्ण बंद करतात काही जण, ते मलाही पटत नाही. पागवाला सगळे धरू शकत नाही.

मृगनक्षत्र

आडव्या जाळ्याचंच म्हणत होते मी. पागाला माझी ना नाही.

रानवारा

आमच्या मोरीला आडवं जाळं लागतं, हे यंदा ग्रामपंचायतीत बोलून बघतो.

एक शेवटचं आणि जरा स्वार्थी. इतकं मरळपुराण ऐकल्यावर वाटतंय की प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे आमचं वरच्या अंगाला, त्यात मरळ सोडावी. ऑक्सिजनची कटकट नाही, भावही चांगला. जमेल का?

भीमाकाठ

जमतं, पण तीन गोष्टी बघा. ऑक्सिजनची कटकट नाही हे खरं, पण तिला वर येऊन हवा घ्यायला मोकळं पाणी लागतं, शेवाळाची नाहीतर जलपर्णीची गच्च साय होऊ द्यायची नाही. दुसरं, एकाच मापाची पिल्लं सोडा आणि मधे-मधे चाळून मोठी वेगळी काढा, नाहीतर मोठी मरळ लहान मरळीला गिळते, शंभर सोडली आणि वीस मोठ्या निघाल्या असं होतं. जोडी रानटी पाण्यात पिल्लांना जपते, लाल-केशरी पिल्लांचा घोळका आणि खाली बाप पहाऱ्याला, ते बघून लोक फसतात, पिल्लं मोठी झाली की ते नातं संपतं. आणि कागदावर चिखल नसतो त्यामुळे उन्हाळ्यात पाणी कमी झालं तर तिला दडायला जागा नाही, कागद तापतो, निम्मं तरी पाणी राखावं लागेल.

हॅचरीवाली

भीमाकाठ यांच्यात एक भर. शेततळ्याच्या चारी बाजूंनी काठावर दोन-अडीच फूट उंच जाळी लावा आणि तिचा खालचा काठ मातीत दाबा, पाऊस सुरू व्हायच्या आधी. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ओलं गवत आणि वाहतं पाणी मिळालं की मरळ तळ्यातून चढून सरपटत निघते. सांडव्याच्या पाइपलाही जाळी लागेल, तिथूनच जास्त जातात. आणि बीज घेताना नीट बघून घ्या, मरळ म्हणून कुणी काही पण देतं, मांगुराच्या नावाखाली आफ्रिकन मांगूर तर सर्रास खपवतात. त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि तो तळ्यातून निसटून तुमच्या ओढ्यात गेला तर वलगणीला दुसरं काही दिसायचं नाही.